झीरोचं कुलूप

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या जुन्या वर्कशॉपांत, ऑफिसच्या टेबलाच्या खालच्या खणात, अजूनही कधीकधी एक बारकं पितळी कुलूप सापडतं. बोटाच्या पेराएवढं. नव्या पोरांना वाटतं, पेटीचं असेल. ते फोनचं असतं. काळ्या फोनच्या तबकडीत एकच्या भोकात ते बसवायचं आणि किल्ली खिशात टाकून मालक घरी जायचे. तबकडी फिरवायला गेलं की बोट अडवणाऱ्या धातूच्या पट्टीवर कुलूप आपटायचं. एक आकडा तेवढा लागायचा, पुढचा एकही नाही. आलेला फोन घ्या, आपण करू नका, असा सरळ हुकूम.

कुलूप लुधियाना, राजकोट आणि कोइमतूरसाठी होतं. कास्टिंगची ऑर्डर, सुट्या भागांचा भाव, अडकलेलं पेमेंट या सगळ्यासाठी बाहेरगावी फोन लागायचा, आणि एसटीडीचं बिल आलं की ऑफिसात आठवडाभर कुणी कुणाकडे सरळ बघायचं नाही. पण पोलिसांचा नंबर १०० आणि अग्निशमन दलाचा १०१. दोन्हींत झीरो. तबकडीवर झीरो म्हणजे सगळ्यात लांबचा फेरा. राजकोटचं बिल वाचवणारं कुलूप त्याच किल्लीत आगीचा बंबही बंद करत होतं, आणि हे कुणाच्या ध्यानातही यायचं नाही.

मी इंटरकॉमवाला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हातात स्क्रू-ड्रायव्हर धरला आणि शाहूपुरीतल्या लॉजपासून शिरोलीच्या फौंड्रीपर्यंत, गोकुळ शिरगावपासून कागलपर्यंत फोनच्या तारा ओढल्या. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली. आमच्याकडे ऑफिसच्या फोनचा इतिहास म्हणजे बिलाच्या भीतीचा इतिहास. संकटाचा फोन त्या भीतीच्या फटीतून वाट काढत आला आहे, आणि अजून पुरता बाहेर आलेला नाही.

फटी पहिल्यापासून होत्या, हेही खरं. उद्यमनगरातली पोरं कुलपाला कधीच भ्यायली नाहीत. तबकडी फिरवली की ती परत येताना लाइन तुटते आणि जुळते. एकला एकदा, पाचला पाचदा, झीरोला दहादा. एक्स्चेंज फक्त हे तुटणं मोजतं. मग तबकडी कशाला हवी? रिसीव्हर ठेवायच्या बटणावर टिचकी मारली तरी लाइन तुटतेच. एक टिचकी, जरा दम, मग दहा टिचक्या, पुन्हा दम, पुन्हा दहा, की १०० लागला. ताल चुकला की भलताच नंबर. तालमीत दंड मोजायची सवय असलेल्यांना हे बरं जमायचं. पण घाबरलेल्या माणसाला दहा टिचक्या नीट मोजता येत नाहीत, आणि संकटाचा फोन घाबरलेलाच माणूस करतो.

युरोपात ११२ हा नंबर ठरला तेव्हा त्याची एक सोय अशी होती, की तबकडीच्या तिसऱ्या भोकात कुलूप घातलं तरी एक आणि दोन हे आकडे लागतात. म्हणजे फोन बंद ठेवूनही मदत चालू ठेवता येते. १९९१ मध्ये युरोपीय देशांनी हा नंबर सगळ्यांसाठी एक म्हणून ठरवला. त्याचं दुखणंही होतं. वाऱ्यानं तारा एकमेकींना लागल्या की एक-एक-दोन असे तुटके ठोके आपोआप पडायचे आणि कुणी न करताच फोन जायचा. मोठे आकडे असे चुकून लागत नाहीत, पण त्यांना वेळ लागतो आणि ते कुलपात अडकतात. संकटाचा नंबर ठरवणं म्हणजे कुठली चूक परवडेल ते ठरवणं.

नंबर यायच्या आधी गावाला हाक कशी जायची? राजर्षी शाहूंनी १९०६ मध्ये सुरू केलेल्या मिलचा भोंगा होता. त्यावर लोक घड्याळ लावत, आणि अवेळी वाजला की काहीतरी झालंय हे पेठांना कळत असे. पुराला नदीच सांगायची. आजही राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी फुटांत मोजतात. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, आणि पावसाळ्यात हे दोन आकडे कोल्हापूरकराला स्वतःच्या फोन नंबराइतके पाठ असतात. बाकी सगळं माणूस पळवून. कुणाला भाजलं, कुणाचा हात मशीनमध्ये गेला, तर सायकलवर एक जण डॉक्टरकडे आणि दुसरा टांग्याकडे.

मुंबई, कलकत्ता आणि मद्रासमध्ये १८८२ मध्ये टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. त्या काळच्या फोनला नंबर फिरवायची भानगडच नव्हती. रिसीव्हर उचलायचा, ऑपरेटर विचारणार, तुम्ही सांगणार. आग लागली म्हटलं की त्याला कळायचं. अडचण एकच, त्याच्यापुढे सगळ्या हाका सारख्याच. लंडनमध्ये १९३५ च्या नोव्हेंबरात विंपोल स्ट्रीटवरच्या एका घराला आग लागली आणि पाच बायका दगावल्या. शेजाऱ्यानं फोन केला होता, पण एक्स्चेंजवर तो रांगेत ताटकळला. त्यानं वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, चौकशी बसली आणि ३० जून १९३७ रोजी तिथं ९९९ सुरू झाला. तो नंबर फिरवला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागे आणि कर्कश भोंगा होई, म्हणजे ऑपरेटरनं हातातलं सोडून तोच फोन आधी घ्यायचा. अमेरिकेतला ९११ त्याच्या बराच नंतरचा. अलाबामातल्या हेलीव्हिल गावातून १६ फेब्रुवारी १९६८ रोजी तो पहिल्यांदा फिरवला गेला.

आमच्याकडे मोठ्या कारखान्यांत, मिलमध्ये, इस्पितळात हा लाल दिवा म्हणजे एक जितंजागतं माणूस होतं. बोर्डावरच्या बाई.

मी धंद्यात शिरलो तेव्हा हाताने चालवायचे बोर्ड शेवटच्या घटका मोजत होते, पण मला दुरुस्तीला मिळाले. लाकडी कपाटासारखा बोर्ड, समोर ओळीनं छोट्या पाट्या, खाली दोऱ्या आणि प्लग. कुठल्या खात्यातून रिसीव्हर उचलला की त्या नंबरची पाटी खट्‌कन खाली पडायची. बाईंनी प्लग घालायचा, विचारायचं आणि दुसरा प्लग हव्या त्या भोकात. बाहेरची लाइन हवी तर एक्स्चेंजच्या भोकात. ‘ट्रंक बुक केलाय हो, ऑर्डिनरी आहे, तासभर तरी नाही लागायचा,’ हे सगळं त्याच सांगायच्या. ट्रंक कॉल, म्हणजे बुक करून लावायचे बाहेरगावचे फोन, ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे असत. लाइटनिंगचे पैसे इतके, की मालकानं स्वतः सांगितल्याशिवाय तो शब्द कुणी तोंडातून काढायचं नाही.

एका कारखान्यात बोर्डाचं स्प्रिंग बदलत मी तिथल्या बाईंच्या पायाशी बसलो होतो. मोल्डिंग शॉपची पाटी पडली. त्यांनी प्लग घातला, अर्धं वाक्य ऐकलं आणि बाकीच्या दोऱ्या एका हातानं उपटून टाकल्या. दुपारी ऑफिसात कोण कुणाशी बोलत होतं त्याची त्यांनी पर्वा केली नाही. एक प्लग बाहेरच्या लाइनला, इस्पितळ. दुसरा गेटला, ‘गाडी उभी कर, फाटक उघडं ठेव.’ तिसरा मॅनेजरच्या केबिनला. मग मोल्डिंगवाल्याला परत, ‘येतायत, पाणी घाला, तेल लावू नका.’ पायावर लोखंड उडालं होतं. मला हलायलाही त्यांनी सांगितलं नाही, पायानंच बाजूला सारलं.

त्या दोन-तीन मिनिटांत बाईंनी तीन कामं केली. हाक मारणाऱ्याला न विचारता बाहेरची लाइन दिली. हाक कुठून आली ते पडलेल्या पाटीवरून त्यांना आधीच ठाऊक होतं. आणि ज्यांना कळायला हवं त्यांना लगेच कळवलं. संध्याकाळी घरी जाताना त्या आणखी एक करायच्या. बोर्डावरची रात्रीची की पाडून एक्स्चेंजची लाइन गेटवरच्या फोनला जोडून जायच्या. म्हणजे रात्रभर पहारेकऱ्याच्या हातात सरळ बाहेरची लाइन. त्याचा गैरवापर व्हायचा नाही असं नाही, पण सकाळी बाई विचारणार, ही धास्ती पुरेशी होती.

मग आलं ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं आपोआप चालणारं छोटं एक्स्चेंज. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था उभी राहिली, ती उभी करणाऱ्या सॅम पित्रोदांचं नाव घरोघरी झालं, आणि जुलै १९८६ मध्ये तिचं खेड्यासाठीचं पहिलं एक्स्चेंज सुरू झालं ते आपल्यापासून फार लांब नाही, बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला. १२८ जोडण्यांचं, धुळीत आणि उन्हात एसीशिवाय चालणारं. त्याच घराण्यातलं ऑफिससाठीचं मशीनही होतं, आणि देशातल्या बऱ्याच कंपन्यांनी ते तंत्र घेऊन मशीनं बनवायला सुरुवात केली. पुढे वडोदऱ्याची, गांधीनगरची, मग जपानी बनावटीची मशीनं आली. शिरोलीत कपाटाएवढ्या बोर्डाच्या जागी भिंतीवर चपलांच्या खोक्याएवढा डबा बसला. बाई आधी रिसेप्शनिस्ट झाल्या, मग निवृत्त झाल्या, आणि त्यांच्या जागी एक आवाज आला: अमुक विभागासाठी एक दाबा, तमुकसाठी दोन.

मालकांना या डब्यात सगळ्यात आवडलं ते कुलूप. आता पितळी नको, आतच होतं. प्रत्येक फोनला दर्जा देता यायचा. काही फोन फक्त आतल्या आत, काहींना गावातलं, काहींना एसटीडी, आणि साहेबांच्या केबिनला परदेशही. बाहेरची लाइन घ्यायला झीरो. ज्याचा झीरो बंद, त्याला बाहेरचं जग बंद. मशीन बसवून झालं की मालक यादी घेऊन शेजारी बसायचे आणि मी सेटवर कोड दाबत जायचो, प्रत्येक कोडाला एक बीप. ‘स्टोअरचा झीरो काढा. डिस्पॅचचा काढा. गेटचा तर काढाच ओ, रात्रभर गावाकडं बोलत बसतंय ते.’ मोबाइल आले तेव्हा ९८ नं सुरू होणाऱ्या नंबरांना वेगळं कुलूप लागलं, कारण मोबाइलला फोन केला की पल्स पळायचे. त्या यादीत १००, १०१ आणि रुग्णवाहिकेचा १०२ कुठे बसतात, हे विचारणारे मालक बोटांवर मोजण्याइतकेच.

दुसरी भानगड नंबरांची. बहुतेक मशीनं कारखान्यातून येतानाच आतल्या फोनांना १०१ पासून नंबर देऊन येत. साहेबांना पहिला नंबर आवडायचा, म्हणून १०१ त्यांच्या केबिनला, १०२ मॅनेजरला. आता पेंटशॉपमध्ये भडका उडाला आणि पोरानं शाळेत शिकल्याप्रमाणे १०१ दाबला, तर रिंग वाजणार साहेबांच्या टेबलावर. दिवसा ठीक. रात्री बंद केबिनमध्ये ती वाजतच राहणार, आणि दाबणाऱ्याला वाटणार, बंबवाले फोन उचलत नाहीत. लॉजमध्ये तर खोलीचा नंबर तोच फोनचा नंबर. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांनी भरलेल्या कुठल्याही लॉजला पहिल्या मजल्यावर बारावी खोली असली की ती ११२. जोवर संकटाचा नंबर १०० होता तोवर ११२ ची कुणाला फिकीर नव्हती. आता आपल्याकडेही संकटाचा नंबर ११२ झाला, म्हणून मी लॉजवाल्यांना सांगतो, खोलीच्या दारावर हवा तो आकडा ठेवा, पण फोनला पुढे एक चार लावून ४११२ करा. ‘पाहुण्यांचा गोंधळ होईल,’ म्हणतात. होतो. दोन दिवस होतो.

तिसरी गोष्ट विजेची. तबकडीच्या जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून, तारेतूनच यायची. गावात अंधार असला तरी फोन चालू. मधे इलेक्ट्रॉनिक डबा आला आणि फोन कारखान्याच्या विजेवर जगू लागला. दोन हजारच्या दशकातलं भारनियमन ज्यांनी सोसलंय त्यांना सांगायला नको. बॅटऱ्या लावायचो, पण फौंड्रीच्या धुळीत आणि उष्म्यात त्या लवकर फुगायच्या, आणि नवी बॅटरी ही मालकांच्या यादीत कायम शेवटची. या प्रसंगासाठी डब्यात एक साधी सोय असते. वीज गेली की आतला रिले सुटतो, टक्‌ असा आवाज होतो, आणि बाहेरची एक लाइन मशीनला वगळून थेट एका ठरलेल्या फोनला जुळते. तेव्हा झीरोही दाबावा लागत नाही, कुलूपही उरत नाही. नुसता रिसीव्हर उचला, बाहेरचा टोन हजर. बोर्डावरच्या बाई संध्याकाळी जी की पाडून जायच्या, तेच हे काम.

पण तो ठरलेला फोन म्हणजे सहसा डब्यावरचा पहिला पोर्ट, आणि पहिला पोर्ट म्हणजे साहेब. शिरोलीच्या एका फौंड्रीत पहारेकऱ्यानं मला गेटवर अडवून सांगितलं, ‘मिस्त्री, तुमचा फोन लाइट असताना टुक टुक टुक करतोय आणि लाइट गेल्यावर मुकाच होतोय. मग ह्यो हितं ठेवलाय कशाला?’ त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. वीज असताना त्याचा झीरो बंद, वीज गेली की जिवंत लाइन कुलूपबंद केबिनमध्ये. मी क्रोनवरचे, म्हणजे तारा जोडायच्या पट्टीवरचे, दोन जंपर उपटले आणि त्यांची अदलाबदल करून पंचिंग टूलनं दाबून बसवले. पहिल्या पोर्टवर गेट, साहेब पाचव्यावर. मग मेन स्विच पाडून दाखवला. टक्‌ झालं, त्यानं रिसीव्हर कानाला लावला आणि म्हणाला, ‘आता कसं!’ मालकांना पटवायला मात्र जास्त वेळ लागला. ‘रात्री वीज गेली की हा बोलत बसेल.’ मी म्हटलं, ‘मालक, तुम्ही झोपल्यावर सगळा कारखाना तुम्ही याच्या हवाली करता. भट्टी याच्याकडे, स्टोअरची किल्ली याच्याकडे. फक्त झीरो तेवढा देत नाही.’ ते हसले आणि चहा सांगितला. आमच्याकडे हाच होकार.

हा प्रकार एकट्या कोल्हापूरचा नाही. अमेरिकेत, टेक्सासमधल्या मार्शल गावी, डिसेंबर २०१३ मध्ये एका मोटेलच्या खोलीत कारी हंट या तरुण बाईचा तिच्यापासून दुरावलेल्या नवऱ्यानं खून केला. तिची नऊ वर्षांची मुलगी खोलीतल्या फोनवरून ९११ फिरवत होती. एकदा नाही, चारदा. शिकवल्याप्रमाणे तिनं सगळं बरोबर केलं. फोन लागला नाही, कारण त्या मोटेलमध्ये बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबावा लागायचा. आपल्याकडचा झीरो, त्यांच्याकडचा नऊ. कारीच्या वडिलांनी पाठपुरावा केला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तिच्या नावाचा कायदा झाला. १६ फेब्रुवारी २०२० पासून नव्या बसणाऱ्या मशीनांना तो लागू झाला. कायदा काय सांगतो? ऑफिसच्या किंवा हॉटेलच्या कुठल्याही फोनवरून आधी काही न दाबता ९११ लागला पाहिजे. तो लागताच रिसेप्शनला किंवा पहाऱ्यावर सूचना गेली पाहिजे. त्याच सुमाराच्या दुसऱ्या कायद्यानं जोडलं, की नुसता इमारतीचा पत्ता पुरत नाही, मजला आणि खोली कळली पाहिजे.

ही कलमं मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला मोल्डिंग शॉपची पडलेली पाटी आठवली. न विचारता लाइन, ठिकाण आणि निरोप. बाईंना काढून मशीन बसवलं तेव्हा ही तीन कामं कुणाच्याच नावावर गेली नाहीत. अमेरिकेत ती कायद्यानं मशीनच्या नावावर लावली. माझ्याकडून मात्र हे काम कुठल्याही मालकानं कायदा दाखवून करून घेतलेलं नाही. जिथं झालं तिथं सांगून, भांडून, नाहीतर कुणाला भाजल्यावर झालं.

आपल्याकडे सगळ्या संकटांसाठी एकच नंबर करायची शिफारस ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं २०१५ मध्ये केली. २०१८ च्या नोव्हेंबरात हिमाचल प्रदेशानं ११२ पहिल्यांदा सुरू केला, आणि महाराष्ट्रात तो २०२१ मध्ये आला. त्याआधी २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका होतीच, आणि तिनं खेड्यापाड्यांत किती जीव वाचवले ते डोंगरी भागातल्या माणसाला विचारा. ११२ नं मोठं काम केलं यात वाद नाही. मोबाइलवरून केला तर तुम्ही कुठे आहात ते बरंचसं त्यांना पडद्यावर दिसतं, जवळच्या पोलीस गाडीला निरोप जातो.

पण ऑफिसच्या फोनसाठी त्यानं एक जुनी सोय काढून घेतली. पूर्वी १०० फिरवला की कोल्हापूरच्याच नियंत्रण कक्षात वाजायचा. पलीकडे बसलेल्या हवालदाराला ‘मिरजकर तिकटीपाशी’ म्हटलं की बस्स. ‘गंगावेशीतून रंकाळ्याकडं जाताना’ म्हटलं तरी कळायचं. आता ११२ ची पहिली उचल नवी मुंबईत किंवा नागपुरात होते. तिथल्या मुलीला पापाची तिकटी आणि मिरजकर तिकटी यांतला फरक कशावरून कळणार? आणि उद्यमनगरात तर घरनंबरापेक्षा ‘अमक्याच्या लेथमागं, तमक्याच्या टपरीसमोर’ हाच पत्ता. मोबाइलला जागा कळते, पण भिंतीवरच्या फोनला फक्त बिलाचा पत्ता असतो. ऑफिस शाहूपुरीत, कारखाना गोकुळ शिरगावला, मधे आठ-दहा किलोमीटर. दोन्हीकडची मशीनं एकमेकांना जोडलेली आणि बाहेरच्या लाइनी सगळ्या शाहूपुरीत. कारखान्यातून ११२ दाबला तर पडद्यावर शाहूपुरी. इंटरनेटवर चालणाऱ्या नव्या सेवांमध्ये तर डबाच नसतो. नंबर पुण्याच्या पत्त्यावर घेतलेला, फोन कागलला. कितीतरी कारखान्यांनी लँडलाइन सोडून डब्यात सिमकार्ड घातलंय. तिथं सिम जिथं बसलंय तिथली जागा.

आणि पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेनं ४३ फुटांची खूण दहा फुटांहून जास्त ओलांडली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, व्हीनस कॉर्नरला होड्या. त्या पाण्यात मला एक साधी गोष्ट दिसली. फोनचं मशीन सगळ्यांनी जिन्याखाली लावलेलं, मीटरशेजारी, कारण तिथं जागा फुकट असते. पाणी उंबऱ्यावर आलं की सगळ्यात आधी बुडतं ते हाक मारायचं साधन. पूर ओसरल्यावर मी जेवढी मशीनं उघडली त्यांत कार्डांवर नदीचा गाळ वाळून पापड झाला होता. तेव्हापासून नदीकडच्या भागात पहिल्या मजल्याच्या खाली मी मशीन लावत नाही. केबल जास्त लागते. ती बिलात दिसते, आणि त्यावर घासाघीस होते.

आज मी मशीन हवाली करतो तेव्हा काही गोष्टी पैसे न घेता करून देतो, म्हणजे त्यावर वाद होत नाही. आतल्या फोनांचे नंबर एकपासून सुरू करत नाही. दोनशे किंवा चारशेपासून घेतो, म्हणजे एकची अख्खी ओळ बाहेरच्या संकटांसाठी मोकळी राहते. ११२, १००, १०१ आणि १०८ कुठल्याही फोनवरून, झीरो दाबून आणि न दाबताही, दोन्ही रीतींनी लागतील असं बसवतो. घाबरलेला माणूस सवयीनं काय दाबेल त्याचा नेम नाही. हे नंबर कुलपाच्या यादीबाहेर ठेवायची सोय बहुतेक मशीनांत असते, फक्त ती उघडून भरावी लागते. सगळ्या लाइनी गुंतल्या असतील तर चालू असलेला एखादा फोन तोडून लाइन मोकळी करणारं मशीन असलं तर तेही चालू करतो. यापैकी कुठलाही नंबर लागला की गेट आणि ऑफिस दोन्हीकडे घंटा वाजते आणि कुठल्या फोनवरून लागला तो आकडा पडद्यावर येतो. दोन जागी पसरलेल्या कारखान्यात प्रत्येक जागेला निदान एक स्थानिक लाइन ठेवायला लावतो, आणि संकटाचे नंबर त्याच लाइनीवर वळवतो. प्रत्येक फोनशेजारी चिकटपट्टी लावतो: जागेचं नाव, प्लॉट नंबर, एमआयडीसीचा कुठला भाग आणि जवळची मोठी खूण. नवी मुंबईतल्या मुलीला वाचून दाखवायला. मग शांत वेळ बघून खरा फोन लावतो, पहिल्याच वाक्यात सांगतो की ही चाचणी आहे, मदत नको, आणि पत्ता काय दिसतोय तेवढं विचारून ठेवून देतो. समोरचे एखाद्या वेळी वैतागतात. वैतागू देत.

गंमत अशी, की ज्या भीतीनं हे सगळं अडलं ती भीती आता उरलेलीच नाही. मुंबईला बोला, दिल्लीला बोला, महिन्याचे पैसे ठरलेले. एसटीडीचं बिल बघून छाती धडधडणारे मालक आता नातवंडांशी व्हिडिओवर बोलतात. पण कुलूप आहेच. जुनं मशीन काढून नवं लावताना आमच्यातलाच कुणीतरी जुना कागद समोर ठेवतो आणि गेट बंद, स्टोअर बंद, डिस्पॅच बंद असं जसंच्या तसं उतरवतो. कुणी लावलं, कशासाठी लावलं, काही ठाऊक नाही. वीस वर्षांपूर्वीच्या राजकोटच्या बिलाचा राग आजच्या पहारेकऱ्यावर निघतोय.

तेव्हा उद्या तुमच्या ऑफिसात इंटरकॉमवाला आला की त्याला मशीनची किंमत विचारायच्या आधी तीन गोष्टी विचारा. गेटच्या फोनवरून काही न दाबता ११२ लागतो का? लागला तर आपल्याकडं कुठं वाजतं? आणि पलीकडच्या माणसाला पत्ता कुठला दिसतो? तिन्हींचं उत्तर येईपर्यंत त्याचा चेक काढू नका. मी त्याच धंद्यातला आहे. आमच्यात ही भाषा सगळ्यात लवकर कळते.